सोडवायचं राहिलेलं लेकरू

हलगी वाजायला लागली ती थोरल्या घराच्या दारात, आणि त्याच घराच्या परसात पुरण वाटत बसलेल्या भिवराबाईच्या हातातला वरवंटा पाट्यावर तसाच थांबला. पोरगं तिचं, मॅट्रिक पास झालं ते तिचं, आणि हलगी थोरल्या जावेच्या दारात! भिवराबाईचं घर काही परगावात नव्हतं. मधे एक गोठा आणि एक लिंबाचं झाड. वाजवणारे थोडे पुढं सरकले असते तर त्यांचे पाय झिजले नसते. पण सुंदरराव पाटील सांगतील तिथं ते वाजवणार, आणि सुंदरराव पाटलांना आपल्या घराच्या पुढं धाकट्या भावाचं घर आहे हे सणासुदीला कधी दिसत नसे. ते दिसायचं पेरणीला आणि खळ्याला.

उमापुरात केरबा मॅट्रिक झालेला पहिलाच. निजामाच्या राज्यात मॅट्रिक म्हणजे सगळं उर्दूतून. गणित उर्दूतून, भूगोल उर्दूतून. घरात मराठीत भांडायचं आणि मास्तरापुढं ‘जी जनाब’ म्हणायचं. बीडच्या शाळेत गेला तेव्हा केरबाला उर्दूतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या सुट्टीला आला आणि कडब्याच्या गंजीमागं बसून रडला. भिवराबाई त्याच्याजवळ गेली नाही. गेली असती तर पोरगं परत गेलं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं आपली भाकरी थापली, चटणी बांधली आणि बीडकडं निघालेल्या गाडीत त्याला बसवून दिलं. त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही, पण ते बघायला कोण होतं?

आता या हलगीवर डोकं हलवणारे सुंदरराव तेव्हा चावडीवर काय म्हणाले होते? “उर्दू शिकून काय मशिदीत बांग द्यायचीय का बे त्याला? गुरं राखायला माणूस न्हाई हितं.” सुगीच्या दिवसांत तर ते गाडीच सोडायचे नाहीत. मग भिवराबाई बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं द्यायची. पुढच्या शाळेसाठी पोरगं औरंगाबादेला गेल्यावर तेही जमेना. पोरगं तिथं काय खातं, कुठं निजतं, कोण त्याला ताप आल्यावर पाणी देतं, हे तिला कळायचं ते तो सुट्टीला आल्यावर त्याच्या गळ्याच्या हाडांवरून. दरवेळी पोरगं उंच व्हायचं, आवाज जाड व्हायचा, आणि तिच्याशी बोलायचं कमी व्हायचं. यंदा तर तो शेरवानी आणि रुमी टोपी घालून दारात उभा राहिला, तेव्हा क्षणभर तिनं पदर सावरला. तहसिलीतलं कुणी आलं असंच तिला वाटलं. मग तो ‘माय’ म्हणाला आणि तिचं तिलाच हसू आलं. शाळा संपली होती. आता पुढं काय, हे त्यानं तिला विहिरीवर सांगितलं होतं. हेडमास्तरसाहेबांनी त्याला हैदराबादच्या कॉलेजात जायला सांगितलं होतं, राहायची सोयही तेच लावून देणार होते. हैदराबाद कुठं आहे हे भिवराबाईला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली होती, “जा.”

“वैनी, हात चालवा की!” नणंद वत्सलाबाई चुलीकडून ओरडली. ती चकलांब्याहून कालच आली होती आणि आल्यापासून सगळ्या घराला कामाला लावून स्वतः पानाचा डबा घेऊन बसली होती. “नांदूरघाटचे पाव्हणे आले बगा. बैठकीत बसलेत.”

“नांदूरघाटचे? ते कावून?”

“अगं बया! तुमाला कुनी सांगितलंच न्हाई?” वत्सलाबाईचे डोळे मोठे झाले. दुसऱ्याला न कळलेली गोष्ट आपण सांगायची म्हणजे तिला अर्धं जेवण झाल्यासारखं वाटे. “आज सुपारी फोडायची हाय. धर्मराज देशमुखांची पोरगी. दादाच्या पोराला.”

“भासऱ्यांना पोरी हायत वन्स. पोरगं कुठलं?”

“आता गं, केरबा की. थोरल्या वैनीनंच उचललाय न्हवं का त्याला उकिरड्यावरून? दादा म्हनतोय, लगीन करून टाकू आनि पाटीलकीचं काम हातात देऊ. तहसिलीत उर्दूत बोलनारा पाटील! भावकीची तोंडं गपगार.”

भिवराबाईनं वरवंटा खाली ठेवला. हात धुतलेसुद्धा नाहीत. पुरणाच्या हातानंच ती उठली आणि गोठ्याकडं चालू लागली.

उकिरड्याची गोष्ट खरी होती. भिवराबाईची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. केरबा झाला तेव्हा सुईण म्हणाली, ह्याला आपलं म्हणू नका, सटवाईची नजर चुकवा. मग रिवाजाप्रमाणं तिनं पहाटे त्या चार दिवसांच्या गोळ्याला फाटक्या चिंध्यांत गुंडाळलं आणि उकिरड्यावर टाकून मागं न बघता घरी आली. तिच्या मागोमाग थोरली जाऊ जानकीबाई सूप घेऊन गेली, केर उचलावा तसं लेकरू उचललं आणि आपल्या ओटीत घातलं. नाव ठेवलं केरबा. त्या दिवसापासून तोंडानं तो जानकीबाईचा. दूध पाजायचं भिवराबाईनं, पण ‘माझा’ म्हणायचं नाही. पाचव्या वर्षी सूपभर कोंडा जावेच्या ओटीत घालून लेकरू सोडवून आणायचं, असा सौदा. आणि पाचव्या वर्षी गावात प्लेग आला. उंदीर पडले, माणसं घरं सोडून रानात खोपी करून राहिली. कोण कोंडा आणतो आणि कोण सोडवतो! गाव परत वसलं तेव्हा जो तो आपल्या घरातलं कोण राहिलं ते मोजत होता. पोरगं भिवराबाईच्याच ताटात जेवत होतं, तिच्याच कुशीत निजत होतं. सोडवायचं राहिलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आज मात्र आलं होतं. बरोबर आजच आलं होतं!

तिचा नवरा त्रिंबक गोठ्यात बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. पाहुण्यांसाठी नवं पागोटं बांधलेलं, आणि तोंड मात्र चोराचं.

“तुमाला ठावं व्हतं,” भिवराबाई म्हणाली.

“काल रातच्याला दादा बोलला.”

“आनि तुमी काय बोललाव?”

त्रिंबकनं बैलाच्या शेपटीतला गोखरू काढायला घेतला. “दादापुढं मी काय बोलनार? म्हनलं, बरं हाय.”

“बरं हाय! औरंगाबादेला पोरगं तापानं फणफणलं व्हतं तवा कुनाचं व्हतं ते? तवा दादाचं न्हवतं. गुरं राखायच्या टायमाला दादाचं न्हवतं. आता मिसरूड फुटलं, सायबासारखं बोलाय लागलं, आता दादाचं!”

“रिवाजानं वैनीचंच हाय गं. आपून सोडवलंच न्हाई. दादा म्हनतो, बीडच्या शाळंत जागा मिळाली ती बी पाटलाचं पोरगं म्हनूनच मिळाली.”

“त्याला सांगा, इम्तिहान पाटलानं दिला न्हाई.”

“तू लई तोंड चालवायलीस,” त्रिंबक पुटपुटला, पण बैलाला उद्देशून. भिवराबाईला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला की तिला रडूच फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. हा माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण आयुष्यभर मोठ्या भावाच्या ‘त्रिंबका’ या हाकेला ‘जी’ म्हणण्यातच त्याचा गळा झिजला होता. पदराला डोळे पुसून ती माघारी फिरली.

चुलीपुढं जानकीबाई पोळ्या भाजत होती. ती सहसा बोलत नसे. तीन पोरी झाल्या, मुलगा झाला नाही, तेव्हापासून या घरात आपण जपून बोललेलं बरं असं तिनं ठरवून टाकलं होतं.

“बाई,” भिवराबाई म्हणाली, “तुमी बी त्यांच्यातल्याच का?”

जानकीबाईनं तव्यावरची पोळी उलटली. मान वर करून एकदा धाकटीकडं बघितलं आणि पुन्हा पोळीकडं. ते बघणं होकाराचं होतं की नकाराचं, देव जाणे. भिवराबाईनं तेवढ्यावरच ओळखलं की आपल्या बाजूनं इथं कुणी नाही. कोठीतल्या भिंतीला टांगलेलं सूप तिनं काढलं, जात्याजवळच्या डालग्यातला कोंडा ओंजळीनं त्यात भरला.

“वैनी, काय चालवलंय हे?” वत्सलाबाई आडवी आली. “पाव्हण्यांपुढं तमाशा करू नका. दादाची इज्जत जाईल.”

“वन्स, बाजूला व्हा. न्हाईतर तुमच्या बी अंगावर सांडंल.”

बैठकीत केरबा हैदराबादचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत उभा होता. सुंदररावांनी त्याला तसा हुकूम केला होता. तक्क्याला टेकून बसलेले धर्मराज देशमुख दर वाक्याला ‘बहोत खूब’ म्हणत होते. त्यांना उर्दू जमिनीच्या कागदांपुरतं येत होतं. बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं, म्हणून ते जास्त जोरात माना हलवत होते. पोराचा चेहरा पडलेला होता. त्यालाही आत्ताच कळलेलं दिसत होतं.

मधल्या दारात भिवराबाई येऊन उभी राहिली आणि उंबरा ओलांडून पुढं आली. बैठकीत बाईमाणूस! वाचणं थांबलं. सुंदररावांची मिशी हलली. भासऱ्यापुढं भावजयीनं तोंड उघडायचं नाही हा घराचा रिवाज, आणि लग्न होऊन आल्यापासून भिवराबाईनं तो पाळला होता. आजही तिनं तो मोडला नाही. पदर पुढं ओढला आणि मागच्या दाराकडं मान वळवून, जानकीबाईला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

“बाई, भासऱ्यांना सांगा, मी माजं लेकरू सोडवाया आलेय. ह्यो कोंडा.”

सुंदरराव हसले. ते हसणं त्यांना नीट जमलं नाही. “कोन बोलतंय हे? त्रिंबका! कुठं हाय बे त्रिंबक? बायकूला आत ने.”

त्रिंबक बाहेरच्या पायरीवर येऊन उभा होता. तो आतही आला नाही आणि तिथून गेलाही नाही.

“बाई, त्यांना सांगा,” भिवराबाईचा आवाज चढला, “पोरगं आपल्या बैठकीत उभं केल्यानं आपलं व्हत न्हाई. ज्यानं पोरगं शाळेत घालू न्हाई म्हनलं, त्यानं पोरगं शाळंतून भायेर आल्यावर आपलं म्हनू न्हाई. पिकलं की राखन करनारे लई असत्यात. पेरताना कुठं गेलते?”

“पाचव्या वर्साला सोडवत्यात!” सुंदरराव आता थेट भावजयीवरच ओरडले. “मुदत गेली. आता ते माजं हाय. पाटीलकी माज्यामागं कोन बगनार? भावकी टपून बसलीय. मी काय पोराचं वाईट करायलोय? देशमुखांच्या घरची लेक देतोय, पाटीलकी देतोय. हैदराबादला जाऊन काय दिवे लावनार हाय?”

हे बोलताना त्यांचा आवाज थोडा फाटला, आणि तो राग नुसता राग नव्हता हे भिवराबाईलाही कळलं. पोरी सासरी गेल्यावर रिकाम्या झालेल्या या घरात म्हातारं व्हायची त्यांना भीती वाटत होती. पण त्या भीतीसाठी तिनं आपलं पोरगं द्यायचं? का म्हणून?

“पाटील,” धर्मराज देशमुखांनी पानाचं तबक बाजूला सारलं, “पोरगं कुनाचं ते आदी ठरवा. आमी सोयरीक कुनाशी कराय आलोत? आमाला तर ‘माजा पोरगा’ म्हनून सांगितलं व्हतं.”

“रिवाजानं माजाच हाय, देशमुख.”

“तसा रिवाज म्हनला तर, दादा,” वत्सलाबाई दारातूनच बोलली. पाहुण्यांचा सूर फिरला तशी तीही फिरली होती. “मुदत गेली असं कुठं असतंय? आमच्या चकलांब्याला तर एकानं लगनाच्या मांडवात सोडवलं व्हतं.”

“तू गप गं!”

“मी कावून गप? मी खरं तेच बोलतेय.”

सुंदररावांनी हात वर केला. “उचलनारीनं सोडलं तर सुटतं. उचलनारी माजी बायकू हाय. तिनं सोडलेलं न्हाई. झालं? आत जा.”

तेव्हा जानकीबाई बाहेर आली. कपाळावर पीठ, हाताला तूप. नवऱ्याकडं बघून ती बोलली, आणि तिचा आवाज ऐकून बैठकीतल्या कितीतरी जणांना वाटलं, ही बाई आजवर कधी बोललीच नव्हती.

“मला इचारलं का?”

“काय?”

“मी उचललं म्हनता. तर मग मला इचारलं का कुनी? सोयरीक ठरवली, सुपारी आनली, हलगी लावली. मला फकस्त सांगितलं, डाळ किती शिजवायची ते. त्या पहाटं उकिरड्यावर तुमी गेलतात का? काटे माज्या पायात मोडले. गार पडलं व्हतं लेकरू. मी छातीशी धरून धावत आनलं घरला. जगावं म्हनून उचललं मी त्याला. तुमच्या पाटीलकीसाठी न्हाई उचललं.”

“जानके, पाव्हणे बसलेत...”

“बसू द्या. त्यांनी बी ऐकावं.” तिनं भिवराबाईकडं वळून पदराची ओटी पुढं केली. “भिवरे, घाल. माजं मन व्हत न्हाई, खरं सांगते. त्यानं मला मोठीआई म्हनलं की माजं दिवसभर पोट भरल्यावानी व्हायचं. पन घाल. माज्या नावानं कुनी त्याला बांधून घालनार असंल तर मला न्हाई पायजे.”

भिवराबाईनं कोंडा ओतला. धुरळा उडाला, दोघींच्या डोळ्यांत गेला. दोघींनी डोळे पुसले आणि त्याचा दोष कोंड्यावर गेला, ते बरंच झालं.

सुंदररावांचा शेवटचा डाव बाकी होता. “बरं. सुटलं. मग बाप बोलंल. आनि बापानं काल रात्री मला शबूद दिलाय. त्रिंबका, दिला का न्हाई बे?”

सगळ्यांच्या माना पायरीकडं वळल्या. त्रिंबकनं पागोटं काढलं, पुन्हा घातलं. भिवराबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. आता ह्या माणसानं ‘जी’ म्हटलं तर सगळं मातीत जाणार होतं, आणि तो ‘जी’ म्हणणार याची तिला खात्री होती.

“दिला व्हता दादा,” त्रिंबक म्हणाला. “पोरगं तुमचं समजून दिला.”

“मग?”

“आता माजं झालं म्हनत्यात.” तो पायरी चढून वर आला. “माजं असलं तर... मला इचार करावा लागंल. आनि इचार केला तर, शिकू द्या दादा त्याला. मी तुमच्यापुढं कधी बोललो न्हाई. येवढं एक ऐका.”

भिवराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. या माणसावर आणखी किती वर्षं चिडायचं ते तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. त्यातलं थोडं आज वजा करावं लागणार होतं, आणि तेही तिला जरा जडच गेलं.

धर्मराज देशमुख उठून उभे राहिले. “पाटील, घरात एकी करा आनि मग बोलावा,” म्हणाले आणि जोडे शोधू लागले. वत्सलाबाईनं जोडेच उचलून धरले. पुरणपोळीवरून उठून पाव्हणे गेले तर उमापुराची शोभा होईल, जेवल्याशिवाय जोडे मिळणार नाहीत, असं तिनं बजावलं. देशमुख परत बसले. सुंदरराव मात्र भिंतीकडं तोंड करून बसले. केरबा त्यांच्याजवळ गेला, पाया पडायला वाकला, काहीतरी बोलला. त्यांनी पाय मागं ओढून घेतले नाहीत.

“रिवाज पुरा कर, भिवरे,” जानकीबाई म्हणाली. “सोडवलेलं लेकरू मांडीवर घ्यावं लागतंय. त्याबिगर सुटत न्हाई.”

बैठकीत खसखस पिकली. मांडीवर! हा एवढा बाप्या, शेरवानीतला!

“हसा,” भिवराबाई म्हणाली. आता तिनं पदरही मागं सारला होता. “हसायला काय लागतंय तुमचं.” ती तिथंच, बैठकीच्या मधोमध, जमिनीवर मांडी घालून बसली. “ये.”

केरबाचे कान लाल झाले. त्यानं टोपी काढून मोठीआईच्या हातात दिली आणि अवघडून, पाय बाहेर टेकवून, आईच्या मांडीवर नुसता टेकल्यासारखा बसला. सगळं अंग त्यानं आपल्याच पायांवर तोललं होतं.

“असं नगं. नीट बस.”

“माय, मी जड हाय.”

“मला ठावं हाय. पुरा भार टाक.”

त्यानं टाकला. भिवराबाईच्या मांड्या दबल्या. केवढं झालं होतं पोरगं! हाडं, खांदे, शेरवानीचा परका वास, आणि मानेवर अजून तोच लहानपणीचा भोवरा. इतकी वर्षं तिनं त्याला ‘माझा’ म्हटलं नव्हतं. आधी सटवाईच्या भीतीनं, मग सवयीनं. तिनं त्याच्या कमरेभोवती पुरण वाळलेले हात आवळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माजा हाय.”

बैठकीत आता कुणी हसत नव्हतं. भिवराबाई तशीच बसून राहिली. सोडावंसं वाटत नव्हतं. भांडून मिळवलेलं होतं, हक्काचं होतं, आणि हैदराबाद कुठं आहे हे तिला अजूनही माहीत नव्हतं. एवढ्या लांबून त्याच्या गळ्याची हाडं तिला कोण दाखवणार होतं?

“झालं ना माय?” केरबानं हळूच विचारलं.

तिनं हात सोडले.

“झालं. ऊठ,” ती म्हणाली. “आनि जा आता. कापडं बांधायला घे.”

तो उठला आणि तिला उठवायला त्यानं हात पुढं केला. पण त्याच्या भारानं मुंग्या आलेल्या पायांवर भिवराबाईला काही केल्या उठता येईना.